दादा, तू दारं दोनच ठेवलीस

दादा, अक्षर वाकडं आहे, ते तुला नवीन नाही. चौथीतून मला काढलं तेव्हा जोडाक्षरं नुकती कुठं हाताला बसायला लागली होती. ती अजून तशीच अर्धी बसलेली आहेत. वेलांटी कोणती द्यायची ते मी कानावर भरवसा ठेवून देते. चुकेल तिथं समजून घे. वसतिगृहातल्या पोरींनी एका बाजूनं लिहून टाकलेली पानं आहेत ही, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला मी बायकांच्या बाजूला, मागे भिंतीशी बसले होते. तुझ्या पलटणीतले जुने हवालदार बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले. तू जगाच्या शांततेसाठी झटलेला शिपाई होतास, असं सगळे म्हणाले. तू ऐकलं असतंस तर मान खाली घालून मिशीत हसला असतास. मग कोणीतरी म्हणालं, बहिणीनंही दोन शब्द बोलावे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी सतरंजीच्या दोऱ्याकडे पाहत राहिले. शेवटी वहिनीच म्हणाली, "तिले नाही बोलता येत, राहू द्या."

खरंच येत नाही. तुझ्यासमोर तेवढं येत होतं. साऱ्या जगात मला एका तुझ्याशीच भांडता येत होतं, आणि ते भांडण अर्धं टाकून तू गेलास. म्हणून लिहायला बसले.

तू कोरियातून परत आलास ती दिवाळी आठवते. मी माहेरपणाला अकोल्याला आले होते. गल्लीतली माणसं रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर जमत. त्यांना लढाई ऐकायची होती. तू सांगितलंस की आम्ही गोळी झाडायला गेलोच नव्हतो, कैद्यांची राखण करायला गेलो होतो. पानठेलेवाल्यानं विचारलं, कोणाचे कैदी. तू म्हणालास, दुसऱ्याचे. सगळे हसले. दुसऱ्यांच्या भांडणातले दुसऱ्यांचे कैदी राखायला आपला माणूस समुद्र ओलांडून गेला, आणि येताना एक जाड घोंगडी तेवढी घेऊन आला, हे त्यांना पटेना.

तुला मात्र ते सांगताना वेळेचं भान राहायचं नाही. लढाई थांबली की कैदी आपापल्या घरी जातात, ही जगाची रीत. पण इथे पुष्कळ चिनी आणि कोरियन कैदी म्हणाले, आम्हाला घरी जायचं नाही. त्यांचा देश म्हणाला, आमची माणसं आहेत, परत द्या. ज्यांनी पकडलं होतं ते म्हणाले, मनाविरुद्ध कोणाला पाठवणार नाही. एवढ्या एका गोष्टीवर लढाई थांबता थांबत नव्हती. शेवटी दोन्ही बाजूंनी ठरवलं की ज्यांचं या भांडणात काही नाही अशा तिसऱ्याच्या हाती हे कैदी द्यावे आणि एकेकाला विचारावं. ते तिसरे म्हणजे आपण.

तू तंबू कसा होता ते हातानं दाखवायचास. एकेक जण आत आणायचा. त्याच्या देशाचा माणूस समोर बसून त्याला समजावणार की घरी चल, कोणी काही करणार नाही, आई वाट पाहते आहे. कैद्यानं ऐकावं, रडावं, शिव्या द्याव्या, ते त्याचं तो पाहील. कोणी त्याचा हात धरायचा नाही. बाहेर पडायला दारं दोन. एक घराकडे, एक परत कुंपणात. तोंडानं काही म्हटलं नाही तरी चालेल. ज्या दारानं पाय पडला ते त्याचं उत्तर.

आणखी एक गोष्ट तू सांगितलीस तेव्हा माय चिडली होती. तिथल्या एका बाजूच्या राज्यकर्त्यानं म्हणे बजावलं होतं की हिंदुस्थानी शिपायाचा पाय माझ्या जमिनीवर पडता कामा नये. म्हणून तुम्हाला बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचललं आणि मधल्या पट्ट्यात नेऊन सोडलं. माय म्हणाली, राखणीला बोलावता आणि अंगणात पाय ठेवू देत नाही, हे कोणतं पाहुणपण? तू म्हणालास, माय, अंगण त्याचं आहे, तिथं कोणी यावं ते त्यानंच ठरवावं.

मी दाराच्या आड बसून वाती वळत होते. एवढ्या माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा कसं निघालं कोण जाणे.

"अन् माणूस कोनाचा, दादा?"

तू वळून पाहिलंस. म्हणालास, "तेच तर पाहाले गेल्तो, सुभे."

मग तू आपल्या वऱ्हाडाचं सांगितलंस, बाबा सांगायचे तसं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजाचा, दोघांत करार कागदावर, आणि वऱ्हाडाला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून तुला त्या तंबूचं एवढं वाटत होतं. देश देशांचे करार करतात, पण इथे पहिल्यांदा शेवटच्या माणसाला विचारलं, असं तू म्हणायचास. तुझा चेहरा तेव्हा लहान पोरासारखा व्हायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मी सासरहून निघून आले. कारणं लिहीत नाही. वहिनीनं माझ्या पाठीला हळद लावली होती, तुला माहीत आहे. दर्यापूरकडून मी आले कशी तेही आता नीट आठवत नाही. काही दिवसांनी सासरचे बंडी जुंपून आले. सोबत पंच होते. आपण अजून बौद्ध झालो नव्हतो, त्यामुळे पंच बसत आणि काय ते ठरवत. रीत अशी की पुरुषांनी ओट्यावर बोलायचं, बाईनं आत बसायचं. पोरीला नांदायला पाठवता की काडी मोडून फारकत घेता, हा प्रश्नसुद्धा बापाला नाहीतर भावाला विचारायचा. माय रात्रीच मला म्हणाली होती, जाय बाई, मारत्या हाताचंच घर असते.

तू पंचांना म्हणालास, हिला विचारा. त्यांना वाटलं थट्टा आहे. एक म्हणाला, बाईले का विचारता बाप्पा, बाई का मनन? तू म्हणालास, "का मनन ते मले मायीत नाही. मनूनच विचारा लागते."

आणि मग तू जे केलंस ते गल्लीनं पुढं कितीतरी वर्षं हसून हसून सांगितलं. मला मधल्या खोलीत आणून बसवलंस. पुढचं दार उघडं, त्याच्यासमोर त्यांची बंडी. मागचं दार उघडं, तिकडे आपली चूल. मायला बाहेर पाठवलंस. वहिनीला म्हणालास, चुलीपासून उठ, खाणाखुणा करायच्या नाहीत. माझ्या नवऱ्याला बंडीपाशीच उभं केलंस. तू खाकी पँट चढवून आलास आणि दोन्ही दारांच्या मधे भिंतीला पाठ लावून उभा राहिलास, हात मागे. पंचांतला म्हातारा म्हणाला, हे का तमाशाचं नाटक होय का बा?

"नाटक नाही, कायदा होय," तू म्हणालास. "चीनच्या मानसाले लागू होते, त माया बहिनीले काहून नाही?"

माझे सासरे आत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचं बोलणं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, चाल माय घरी. म्हैस व्याली, तुझ्या हाताशिवाय पान्हवत नाही. पोरानं पुन्हा हात उचलला तर माझ्याशी गाठ आहे. बोलताना ते हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत होते. माझं लग्न ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं, शाळेतून काढताना विचारलं नव्हतं, आणि आता एवढी माणसं माझ्या एका उत्तरासाठी ताटकळली होती. माझी जीभ टाळूला चिकटली. बाहेर कोणीतरी म्हणालं, मुकी होय का?

तू भिंतीपाशी तसाच उभा होतास. माझ्याकडे न पाहता म्हणालास, "बोलाचं नाही, सुभे. चालाचं."

मी उठले आणि मागच्या दारानं गेले.

दादा, तुला वाटलं तिथं गोष्ट संपली. तू ओट्यावर पंचांपुढं छाती काढून बसलास. पण दारापलीकडे काय होतं ते तू पाहिलं नाहीस. तिथे वहिनी होती. भाकर करपेल म्हणून तुझा हुकूम मोडून ती चुलीपाशी परत आली होती. परातीत तुमचं दोघांचं, मायचं आणि पोरांचं पीठ मोजून घेतलेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असं नाही. डब्यात हात घालून तिनं आणखी एक मूठ पीठ काढलं आणि परातीत टाकलं, एवढंच. ती मूठ मी पुढं कितीतरी वर्षं खाल्ली.

पंचांनी काडी मोडली आणि लग्नाचा खर्च परत करायचा असं ठरवलं. तू तो जागच्या जागी दिलास. कोरियाचे पैसे होते ते, घरावर टिनं टाकायला ठेवलेले. वहिनीनं टिनांचा भाव काढून ठेवला होता, कोणत्या बाजूनं उतार द्यायचा तेही तिनं ठरवलं होतं. तू तिला म्हणालास, गवताचं छप्पर थंड राहते. पावसाळ्यात ती गळक्या जागांखाली भांडी मांडायची तेव्हा मी तिच्या आधी उठून मांडायला धावायचे. तिला ते आवडत नसे. म्हणायची, राहू द्या, मले मायीत हाये कुठी कुठी गळते.

पुढच्या वर्षी आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत येताना गाडीत तू म्हणालास, आता ते पंच नाहीत, ती काडी नाही. राज्यही बदललं. मध्यप्रदेशातून मुंबईत, मुंबईतून महाराष्ट्रात. तू म्हणायचास, आपण जागचे हललो नाही, सरहद्दच आपल्या अंगावरून चालत गेली. सगळ्यांचं काही ना काही सुटत होतं. मी तुझ्या घरी भाकरी थापत होते. कोणी मला बोलत नव्हतं, कोणी हाकलत नव्हतं. पण ताटावर बसले की पहिली भाकर मी नेहमी अर्धी मोडून घ्यायचे, अख्खी घेतली नाही.

मग ती संध्याकाळ. तू पोरांना बोटीची गोष्ट सांगत होतास. थोडे कैदी असे निघाले की ते घरीही जाईनात आणि ज्यांनी पकडलं त्यांच्याकडेही जाईनात. आम्हाला दोन्ही नको, म्हणाले. त्यांना कुठं ठेवायचं हे कोणाला सुचेना, तेव्हा ते तुमच्याच बोटीनं मद्रासला आले. त्यांतला एक बोटीच्या कठड्याला धरून दिवसभर रडायचा आणि जेवायच्या वेळेला मात्र बरोबर हजर व्हायचा, डाळभात आवडला होता त्याला. पोरं हसली. मी ज्वारी पाखडत होते, सूप खाली ठेवलं.

"दादा, म्हंजे तिसरं दार होतं."

"होतं असं नाही. मांगून निंगालं."

"मले काहून नाही ठेवलं?"

तू सुपातला एक दाणा उचललास. मग हळूच म्हणालास, "तिसरं दार देशाले ठेवता येते, सुभे. भाऊ कुठून आनीन?"

तिथं मी थांबायला हवं होतं असं वहिनीला वाटलं असेल. मी थांबले नाही. मी म्हटलं, "तू राखनदार होता. राखनदाराच्याच घरात दार उघडत असन, त त्याले विचारनं मनत नाही."

वहिनीचे पिठातले हात थांबले. तू उठलास आणि चपला न घालता बाहेर गेलास.

हे बोलणं मी आजही मागं घेत नाही, दादा. पण त्याच्या शेजारी दुसरं जे ठेवायला हवं होतं ते ठेवलं नाही. तू ती दोन दारं उघडली नसतीस तर मला एकच दार होतं, आणि त्याच्यासमोर बंडी उभी होती. हे मला तेव्हाही कळत होतं. राग आला की माणूस अर्धंच बोलतं, आणि माझ्यासारखीला बोलायला मुळी रागच लागतो.

तू कामाला लागलास. पलटण सुटल्यावर धरलेली कापसाच्या जिनातली चौकीदारी सांभाळून सुटीच्या दिवशी अमरावतीला जायचास, कोणाकोणाला भेटायचास. कशाला जातोस ते सांगितलं नाहीस. मग एक दिवस येऊन म्हणालास की मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई पाहिजे आहे, राहायला खोली देतात. आणि थोडं थांबून म्हणालास, नाही म्हटलं तरी चालते. मी जाते म्हटलं. तोंडानं म्हटलं, चालून नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलून आपण गेलो. तुझ्या डोक्यावर माझी पेटी. फाटकापाशी तिथल्या बाई म्हणाल्या, पुरुषांना आत मनाई आहे. तू पेटी खाली ठेवलीस आणि माझ्या कानाशी म्हणालास, "चाल व, हे बी कोरियाच होय." त्या दिवशी अनोळखी चुलीपुढं बसून मी एकटीच हसत होते. मुलींना वाटलं नवीन बाई जरा वेडी आहे.

खोली लहान होती, पण कडी आतून लागत होती. आधीच्या घरांत कडी मी लावायची नसायची. पहिला पगार घेऊन अकोल्याला आले आणि तुझ्यापुढं ठेवला. छपराचे पैसे, म्हटलं, थोडे थोडे करून देईन. मी तुला मारायला हात उचलल्यासारखा तू दचकलास. म्हणालास, बहिणीचे पैसे घेतले तर लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, हे देणं नाही, फेडणं आहे. तू म्हणालास, परक्याचं फेडतात.

तुला मी कधीच नीट सांगू शकले नाही, दादा. तुला वाटायचं मी तुला परका करते आहे. मला एवढंच पाहिजे होतं की त्या दिवशी मी ज्या दारानं गेले ते उत्तर माझं राहावं. तुझ्या पैशानं विकत घेतलेलं उत्तर माझं कसं म्हणू? वसतिगृहातली एक मुलगी स्वयंपाकघरात बसून नागरिकशास्त्र पाठ करायची. सार्वभौम म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नाही ते राज्य. मी पोळ्या लाटता लाटता तिला विचारलं, ज्याच्यावर दुसऱ्याचं देणं आहे ते राज्य सार्वभौम का ग? तिनं पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, आणि म्हणाली, मावशी, परीक्षेला हे येत नाही.

मग चीनची लढाई झाली. अकोल्यात पानठेल्यावर रेडिओपाशी गर्दी, आणि तुला पाहिलं की कोणीतरी म्हणायचं, याईनंच खाऊ घातलं होतं ना त्याईले? तू ओट्यावर बसणं सोडलंस. त्या हिवाळ्यात तू अमरावतीला आलास. फाटकाबाहेरच्या दगडावर बसलास, घोंगडी पांघरून. मी चहा आणला. तू कप हातात धरून बसलास, प्यायला नाहीस. मग म्हणालास, "सुभे, आमी तिथी जे केलं ते वाया गेलं का?"

तुझी पलटण, तुझे देश, तुझी जगाची पंचायत, यातलं मला काय कळणार होतं? मी कप घेतला आणि चहा थंड झाला म्हणून दुसरा आणायला आत गेले. परत आले तेव्हा तू जायला उठला होतास.

आता रोज भाजी चिरताना ते उत्तर येतं. वाया गेलं नाही, दादा. तिकडचं मला माहीत नाही. त्या कैद्यांचं काय झालं, घरी गेलेल्यांना आईनं जवळ घेतलं की नाही, कुंपणात परतलेल्यांना आतल्या दांडग्या कैद्यांचाच धाक होता की खरंच त्यांचं मन होतं, हे तुलाही कळलं नव्हतं आणि तेच तुला खात होतं. पण त्या तंबूतून एक माणूस नक्की मोकळा निघाला. तो तुझ्यासमोर चहाचा कप घेऊन उभा होता. एवढं म्हणायला काय लागत होतं मला?

दुष्काळाची वर्षं आली आणि वसतिगृहात ती लाल ज्वारी यायला लागली, बोटीनं अमेरिकेहून आलेली, मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकर थापताना फाटते. पोरी नाक मुरडत, पण दुसरं काही नव्हतं. तू आलास तेव्हा मी तुला तीच भाकर दिली. तू मजेत खाल्लीस. म्हणालास, जग असंच चालावं, एका देशात पिकलं नाही तर दुसऱ्यानं द्यावं. मी म्हटलं, मुली पेपर वाचतात त्यात येतं की देणारा देश आता अटी घालतो, गप्प बसा म्हणतो. तू म्हणालास, घालू दे अटी, लेकरांची भूक तर भागते. भुकेल्याला देणं उपकार नसते.

"मायी बी भागली होती, दादा," मी म्हटलं. "मान वर करून जेवली नाही, एवढंच."

तू उरलेली भाकर पानात ठेवलीस. तू अन्न टाकणारा नव्हतास. हात धुतलेस आणि गेलास. ते आपलं शेवटचं भांडण.

त्यानंतर तू आला नाहीस. मी मनीऑर्डर पाठवली, ती घेण्यास नकार म्हणून परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. पोस्टमन म्हणाला, बाई, हा भाऊ होय का सावकार? पैसे घेत बी नाही अन् सोडत बी नाही. मला हसू आलं आणि मग दार लावून मी बराच वेळ रडले. ते सगळे पैसे मी तू डोक्यावर आणलेल्या त्या पेटीत जमा करत राहिले.

निरोप आला तेव्हा धावत आले. तू होतास, पण बोलणं गेलं होतं. श्वास घेताना छातीतून आवाज येत होता. मी तुझा हात धरला. तू बोटं दाबलीस की ती आपोआप दाबली गेली, मला कळलं नाही. पैसे माझ्याजवळ पिशवीत होते. काढले नाहीत. तुला नकार देता येत नव्हता, मग तेव्हा दिले असते तर तुला विचारलं असं झालं असतं का?

पुण्यानुमोदन झालं, माणसं गेली. वहिनी चुलीपाशी भांडी घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पिशवी ठेवली. तिला काय आहे ते सांगावं लागलं नाही. तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले. म्हणाली, "यायनं मले सांगून ठेवलं होतं, घ्यायचे नाही मनून."

मी म्हटलं, बरं. पिशवी उचलायला हात पुढं केला. तिनं माझा हात बाजूला केला.

"थांबा जरा. ते त्यायचं नाही मननं झालं. मले कोनं विचारलं होतं?" ती म्हणाली. "तवा बी नाही विचारलं. टिनं मायी होती. चुलीवरून उठ मनलं, उठली. पीठ टाकलं, तुमी जेवल्या. मी त तुमाले कवा बोलली नाही, पन घर मायं बी होतं ना, बाई."

दादा, आपण दोघं इतकी वर्षं भांडलो. माणूस कोणाचा, अंगण कोणाचं, देणं आहे की मदत आहे. ज्या घरात ते भांडण चाललं त्या घराची बाई समोर भाकरी थापत होती आणि तिला विचारायचं आपल्या दोघांपैकी कोणाला सुचलं नाही. तुझं काय झालं असतं हे ऐकून? मला तर मान वर करवेना. हे तुला सांगायला हवं म्हणून लिहिते, नाहीतर कोणाला सांगू?

मी तिला विचारलं, घेता का वहिनी? पहिल्यांदाच विचारलं.

"घेतो," ती म्हणाली.

तिनं पिशवी सोडली, नोटा काढल्या. मी म्हटलं मोजून घ्या, तर म्हणाली, तुमी मोजल्या असतीन. लोखंडी पेटीत तळाशी लुगड्याखाली ठेवल्या आणि कुलूप लावलं. मला वाटलं आता ती टिनांचं बोलेल. मी आधीच मनात छप्पर घालून ठेवलं होतं, तिनं ठरवला होता त्याच बाजूनं उतार. ती म्हणाली, धाकट्या पोरीला मॅट्रिकच्या पुढं शिकवते, नागपूरला. छप्पर काय, गळते तसं गळते.

टिनं घ्या, हे माझ्या ओठावर आलं होतं. एवढ्या वर्षांचं आलं होतं. मग ध्यानात आलं की ते पैसे आता तिचे आहेत, ते कुठं लावायचे हे सांगणारी मी कोणी नाही. मी घासलेलं एक भांडं पुसायला घेतलं. ती उरलेली भांडी घासायला बसली.

दादा, पैसे सगळे फिटले.